तिचीनोमध्ये इंग्रजीवर निभावून नेताना

स्वित्झर्लंडला जाणारे मराठी प्रवासी बहुधा ल्युसर्न, इंटरलाकेन आणि टिटलिस एवढे पाहून परततात. त्या भागात केवळ इंग्रजीवर त्यांचे सहज भागते, कारण तिथल्या पर्यटन व्यवसायाला आशियाई पाहुण्यांची चांगलीच सवय झालेली आहे. गोटहार्ड पर्वताच्या दक्षिणेला असलेल्या तिचीनो या कँटनमध्ये, म्हणजे प्रांतात, मात्र परिस्थिती वेगळी आहे. येथे इटालियन ही एकमेव अधिकृत भाषा आहे. बेलिन्झोना ही राजधानी, लुगानो हे सर्वांत मोठे शहर आणि लोकार्नो हे मॅज्योरे सरोवराकाठचे गाव, ही येथली मुख्य ठिकाणे. मुक्कामाला येणारे बरेचसे पाहुणे देशाच्या जर्मनभाषक भागातून येत असल्यामुळे येथल्या हॉटेलवाल्याची दुसरी भाषा बहुतेक वेळा जर्मन असते आणि इंग्रजीचा क्रम त्यानंतर लागतो. २०१६ मध्ये ५७ किलोमीटर लांबीचा गोटहार्डचा पायथ्याचा रेल्वे बोगदा सुरू झाला आणि २०२० मध्ये त्याला चेनेरी बोगद्याची जोड मिळाली. तेव्हापासून झुरिकहून लुगानो सुमारे दोन तासांवर आले आहे. झुरिक, बाझेल किंवा त्सूग येथे नोकरी करणारी मराठी कुटुंबे आणि त्यांच्याकडे उन्हाळ्यात राहायला येणारे आई-वडील यांना म्हणूनच हा भाग आता शनिवार-रविवारच्या टप्प्यात आला आहे.

समोर माणूस असेल, तर साधी इंग्रजी, थोडे हातवारे आणि सौजन्य एवढ्यावर तिचीनोमध्ये जवळपास सगळे जमते. अडते ते समोर माणूस नसताना: निर्मनुष्य बसथांब्यावरचे वेळापत्रक, दारावरची पाटी, फक्त इटालियनमध्ये खडूने लिहिलेला मेनू, फोनवर पलीकडून येणारा भरभर आवाज. त्यामुळे प्रवासापूर्वी जो काही वेळ हाताशी असेल, तो इटालियन बोलायला शिकण्यापेक्षा वाचायला शिकण्यात घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील सर्व सूचना याच धोरणाने दिल्या आहेत.

इंग्रजी कोठे भेटेल आणि कोठे नाही

लुगानो शहरात इंग्रजीची फारशी चिंता नको. तेथे १९९६ साली स्थापन झालेले इटालियनभाषक स्वित्झर्लंडचे विद्यापीठ आहे, शहरालगत एक अमेरिकन धर्तीचे विद्यापीठ आहे आणि बँकांचा कारभारही मोठा आहे. लोकार्नो व आस्कोना येथली हॉटेले, बेलिन्झोनाच्या किल्ल्यांची तिकीट खिडकी, मोठ्या स्थानकांवरील रेल्वेची कार्यालये, पर्यटन माहिती केंद्रे आणि औषधांची दुकाने येथे इंग्रजी बोलणारी व्यक्ती सहसा मिळतेच. वयाने लहान असलेल्या माणसाला आधी विचारावे, कारण तिचीनोच्या शाळांत फ्रेंच आणि जर्मन आधी येतात व इंग्रजी त्यानंतर. साठीच्या पुढचे अनेक जण इंग्रजी शिकलेलेच नाहीत, परंतु जर्मन उत्तम बोलतात. आपल्यापैकी कोणाला थोडीफार जर्मन येत असेल, तर ती येथे मोलाची ठरते. वाटसरूने आपल्याला परदेशी पाहून आपणहून जर्मनमध्ये बोलायला सुरुवात केली, तर त्यात आश्चर्य वाटून घेऊ नये. जर्मन लेखक हेरमान हेसे लुगानोजवळच्या मोंतान्योला गावी १९१९ पासून १९६२ मध्ये निधन होईपर्यंत राहिले. उत्तरेकडून ऊन शोधत येणाऱ्यांची ही रीत जुनी आहे.

इंग्रजी विरळ होते ती दऱ्याखोऱ्यांत. माज्जा, वेर्झास्का, ओन्सेर्नोने आणि चेन्तोवाल्ली या खोऱ्यांतील बसचालक, खेड्यातल्या किराणा दुकानातल्या बाई आणि ‘ग्रोत्तो’ म्हणजे झाडांच्या सावलीतले साधे उपाहारगृह चालवणारे वयस्क दांपत्य यांच्याशी इंग्रजीत गप्पा होतील, अशी अपेक्षा ठेवू नये. शेजारच्या ग्राउब्युन्डेन कँटनमधील मेझोल्चिना, कालान्का, ब्रेगालिया आणि पोस्क्यावो ही खोरीही इटालियन बोलतात. बेर्निना मार्गावरील लाल गाडीने तिरानोला जाणारे भारतीय प्रवासी पोस्क्यावोमधूनच जातात, परंतु गाडीतून न उतरल्यामुळे त्यांना हे सहसा कळत नाही. अपवाद म्हणून बोस्को गुरीन हे डोंगरातले गाव लक्षात ठेवावे: तिचीनोत असूनही तेथे शतकानुशतके जर्मनची एक जुनी बोली बोलली जाते.

निघण्यापूर्वी

पहिले काम मोबाइलचे. भाषांतराच्या ॲपमध्ये इंग्रजी आणि इटालियन या दोन्ही भाषा इंटरनेटशिवाय वापरता येतील अशा रीतीने आधीच उतरवून घ्याव्यात, कारण खोऱ्यांत नेटवर्क जाते आणि बोगदे तर पावलोपावली आहेत. मराठीतून थेट इटालियनमध्ये भाषांतर करण्याचा मोह होतो, परंतु इंग्रजीतून केलेले भाषांतर सध्या तरी अधिक भरवशाचे येते. वाक्य लहान ठेवावे आणि आलेले इटालियन वाक्य पुन्हा इंग्रजीत फिरवून अर्थ तोच राहिला आहे ना, हे तपासावे. कॅमेरा पाटीवर धरून भाषांतर दाखवणारी सोय मेनूसाठी उपयोगी पडते, परंतु हाताने लिहिलेल्या फळ्यावर ती अनेकदा फसते.

दुसरे काम एका लहान वहीचे. या लेखात शब्दांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत, पाट्यांवर मात्र रोमन लिपी असते. तेव्हा पुढे येणारे पंचवीस-तीस शब्द शोधून त्यांचे रोमन स्पेलिंग उच्चारासमोर आपल्या हाताने लिहून घ्यावे. लिहिताना जे डोक्यात बसते, ते छापील यादी वाचून बसत नाही. सोबतच्या ज्येष्ठांना एक स्वतंत्र कार्ड द्यावे. त्यावर राहण्याच्या ठिकाणाचे नाव, पत्ता, मुलाचा किंवा मुलीचा देशाच्या क्रमांकासह फोन आणि नियमित औषधांची मूळ नावे ठळक अक्षरांत असावीत. भारतातले ब्रँडचे नाव तेथील औषध विक्रेत्याला कळणार नाही; ‘क्रोसिन’ऐवजी ‘पॅरासिटामॉल’ असे लिहिलेले असले, की काम होते.

मराठी जिभेला असलेला फायदा

इटालियन उच्चारांच्या बाबतीत मराठी माणूस इंग्रजाच्या कितीतरी पुढे असतो, फक्त त्याने इंग्रजी वळण सोडले पाहिजे. इटालियनमधील ‘टी’ आणि ‘डी’ ही अक्षरे आपल्या त आणि द सारखी दातांना जीभ लावून उच्चारली जातात, ट आणि ड सारखी नव्हेत. म्हणून ‘टिसिनो’ न म्हणता ‘तिचीनो’ म्हणावे आणि ‘टोमॅटो’ची आठवण बाजूला ठेवून ‘पोमोदोरो’ म्हणावे. जोडाक्षरातले द्वित्व स्पष्ट उच्चारावे. ‘अण्णा’ आणि ‘मुक्काम’ म्हणणाऱ्याला ‘ग्रोत्तो’ अवघड जाऊ नये.

वाचताना गोंधळ उडवणारे नियम थोडेच आहेत. ‘सी’ या अक्षरापुढे ‘आय’ किंवा ‘ई’ आले, तर उच्चार च होतो, आणि ‘सी-एच’ असे आले, तर उलट क होतो. इंग्रजीच्या नेमके विरुद्ध असल्यामुळे येथेच सर्वाधिक चुका होतात. ‘जी-एन’चा उच्चार न्य, ‘जी-एल-आय’चा ल्य, ‘एस-सी-आय’चा श आणि ‘झेड’चा बहुधा त्स. एवढे आले, की पाटीवरचा कोणताही शब्द समोरच्याला समजेल इतपत वाचता येतो. अर्थ कळला नाही, तरी तो मोठ्याने वाचून दाखवून खूण करता येते, हाच त्याचा खरा उपयोग.

पहिले वाक्य इटालियनमध्ये

इंग्रजीत थेट प्रश्न विचारण्याआधी अभिवादन इटालियनमध्ये करावे. सकाळपासून दुपारपर्यंत ‘ब्वोनजोर्नो’ आणि संध्याकाळी ‘ब्वोनासेरा’ म्हणावे. ‘चाव’ हा शब्द मित्रांसाठी आहे. अनोळखी वडीलधाऱ्यांना तो वापरणे म्हणजे त्यांना एकेरी हाक मारण्यासारखे होते. लक्ष वेधण्यासाठी ‘स्कूझी’, विनंतीसाठी ‘पेर फावोरे’ आणि आभारासाठी ‘ग्रात्सिए’ म्हणावे. आपल्याप्रमाणेच इटालियनमध्येही आदरार्थी रूप वेगळे असते. ‘स्कूझी’ हे ते रूप आहे, तर ‘स्कूझा’ हे अरे-तुरेचे. त्यानंतर विचारावे: ‘पार्ला इंग्लेझे?’ म्हणजे आपण इंग्रजी बोलता का? उत्तर ‘ऊन पोको’ म्हणजे थोडेसे, असे आले, तर त्याचा अर्थ बहुधा बऱ्यापैकी येते, असा समजावा. लहान दुकानात शिरताना आणि निघतानाही अभिवादन करण्याची पद्धत आहे. ते न करता वस्तू चाचपू लागलेल्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत उत्तर मिळण्याची शक्यता कमी होते, आणि त्यात दुकानदाराचे काही चुकते असे मला वाटत नाही.

आपली इंग्रजी त्यांना कळावी म्हणून

भारतीय इंग्रजीतील काही शब्द भारताबाहेर पोहोचतच नाहीत. ‘व्हेज’ आणि ‘प्युअर व्हेज’ तेथे कळत नाही. ‘व्हेजिटेरियन’ असा पूर्ण शब्द उच्चारावा. ‘एगलेस’ऐवजी ‘विदाउट एग्ज’, ‘कर्ड’ऐवजी ‘योगर्ट’, ‘वॉशरूम’ऐवजी ‘टॉयलेट’ आणि जेवण बांधून हवे असल्यास ‘पार्सल’ऐवजी ‘टेक अवे’ म्हणावे. त्याचे इटालियन रूप ‘दा पोर्तारे विया’ असे आहे. जेवणाच्या जागेला ‘हॉटेल’ म्हटले, तर आपल्याला खोली दाखवली जाईल. फोन क्रमांक सांगताना ‘डबल थ्री’ न म्हणता ‘थ्री थ्री’ म्हणावे. होकारासाठी मान डोलावण्याची आपली सवय तेथे नकार म्हणून वाचली जाऊ शकते, तेव्हा तोंडाने ‘सी’ म्हणजे हो, हेच बरे.

वाक्य लहान, क्रियापद साधे आणि वेग निम्मा असावा. आवाज चढवल्याने काहीच साध्य होत नाही. रक्कम, वेळ आणि फलाट क्रमांक शक्य तेथे कागदावर किंवा मोबाइलवर लिहून घ्यावेत. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने लिहिलेली असते. हस्ताक्षरातील एक या आकड्याला वर शेपटी असते आणि तो आपल्याला सातासारखा दिसतो. खऱ्या सातावर मधोमध आडवी रेघ असते. मोठी चूक टाळायची, तर हे एवढे लक्षात ठेवावे.

उलट दिशेनेही सावध राहावे. इटालियनभाषक माणूस इंग्रजीत ‘ॲक्चुअली’ म्हणतो, तेव्हा त्याला अनेकदा ‘सध्या’ असे म्हणायचे असते, आणि ‘इव्हेंच्युअली’ म्हणतो, तेव्हा ‘गरज पडल्यास’ किंवा ‘कदाचित’ असे. हॉटेलवाल्याने ‘इव्हेंच्युअली आम्ही तुम्हाला मोठी खोली देऊ’ असे सांगितले, तर ते आश्वासन आहे असे समजून बसू नये.

गाडी आणि बस

स्विस रेल्वेचे नाव येथे ‘एफ-एफ-एस’ या आद्याक्षरांनी लिहिलेले दिसेल. जर्मन भागातली ‘एस-बी-बी’ तीच ही. रेल्वेचे ॲप आणि तिकीट यंत्रे इंग्रजीत चालतात, त्यामुळे तिकिटापाशी भाषेचा प्रश्न येत नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांत इंग्रजी घोषणा सहसा ऐकू येते, तर ‘तीलो’ नावाच्या स्थानिक गाड्यांत इटालियनवरच भागवावे लागते. घोषणेत शहरांची नावे इटालियन रूपात येतात: झुरिक म्हणजे त्सुरिगो, बाझेल म्हणजे बाझिलेआ, ल्युसर्न म्हणजे लुचेर्ना, जिनिव्हा म्हणजे जिनेव्रा आणि कूर म्हणजे कोइरा.

फलकावरचे शब्द असे. ‘पार्तेन्त्से’ म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, ‘अर्रीवी’ म्हणजे येणाऱ्या, ‘बिनारियो’ म्हणजे फलाट, ‘रितार्दो’ म्हणजे उशीर, ‘सोप्प्रेस्सो’ म्हणजे रद्द, ‘बुस सोस्तितुतीवो’ म्हणजे गाडीऐवजी सोडलेली बस आणि ‘कोइन्चिदेन्त्सा’ म्हणजे पुढची जोडगाडी. यांतले ‘सोप्प्रेस्सो’ आणि ‘सोस्तितुतीवो’ हे दोन शब्द ओळखता आले नाहीत, तर माणूस रिकाम्या फलाटावर उभा राहतो आणि बस स्थानकाबाहेरून निघून जाते. उशिराचा आकडा कळतो. रद्द झाल्याचे कळत नाही.

खोऱ्यांत जाणाऱ्या पिवळ्या पोस्ट बसना येथे ‘आउतोपोस्ताले’ म्हणतात. ‘फेर्माता’ म्हणजे थांबा, आणि ‘सू रिक्येस्ता’ असे लिहिले असेल, तर तो विनंती थांबा समजावा: बसला हात दाखवावा लागतो आणि उतरायचे असल्यास बटण दाबावे लागते. लोकार्नोहून इटलीतील दोमोदोस्सोलापर्यंत जाणाऱ्या, १९२३ साली सुरू झालेल्या चेन्तोवाल्ली रेल्वेवरही लहान स्थानकांना हाच नियम लागू आहे. बटण न दाबता शांत बसून राहिलेल्या प्रवाशाला पुढच्या गावी उतरून परतीच्या गाडीची वाट पाहावी लागते.

वेळापत्रकावर आणि पार्किंगच्या पाट्यांवर ‘फेरियाली’ आणि ‘फेस्तीवी’ हे शब्द येतात. पहिला सुटीचा वाटतो, पण त्याचा अर्थ कामाचे दिवस असा आहे. रविवार आणि सणवार म्हणजे ‘फेस्तीवी’. हा घोटाळा इतका सहज होतो, की वहीच्या पहिल्या पानावर त्याला जागा द्यावी. वारांची नावे मात्र आपल्याला सोपी आहेत, कारण पाच वार आपल्याप्रमाणेच ग्रहांवरून बेतलेले आहेत: ‘लुनेदी’ चंद्राचा म्हणजे सोमवार, ‘मार्तेदी’ मंगळवार, ‘मेर्कोलेदी’ बुधवार, ‘जोवेदी’ गुरुवार आणि ‘वेनेर्दी’ शुक्रवार. शनिवार ‘साबातो’ आणि रविवार ‘दोमेनिका’. उपाहारगृहाच्या दारावर ‘क्यूझो’ या शब्दापुढे यांपैकी जो वार असेल, त्या दिवशी ते बंद असते.

हॉटेल, युवा वसतिगृह किंवा कॅम्पिंग येथे मुक्काम केल्यास ‘तिचीनो तिकेत’ मिळते. २०१७ पासून सुरू असलेल्या या सवलतीत कँटनमधील सार्वजनिक वाहतूक मुक्कामाच्या काळात, निघण्याच्या दिवशीही, फुकट असते. ते आपणहून दिले गेले नाही, तर नाव घेऊन मागावे. खासगी सुटीच्या सदनिकांना ही सोय बहुधा लागू नसते, त्यामुळे आरक्षणाच्या वेळीच विचारणे चांगले.

जेवण: येथे अंदाज चालत नाही

शाकाहारी मराठी कुटुंबाला भाषेची खरी कसोटी ताटापाशी लागते. ‘सेन्त्सा कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, एवढे सांगून भागत नाही, कारण हॅमचे बारीक तुकडे, मासा किंवा मांसाचा रस्सा यांना ‘मांस’ न मानण्याची सवय अनेक स्वयंपाकघरांत आहे. म्हणून आधी स्वतःविषयी सांगावे: ‘स्यामो वेजेतारियानी’, म्हणजे आम्ही शाकाहारी आहोत. मग एकेक गोष्ट वगळत जावे: ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा प्रोशूत्तो’. पेशे म्हणजे मासे, प्रोशूत्तो म्हणजे हॅम. रिझोत्तो किंवा सूप मागवताना ‘ब्रोदो वेजेताले?’ असे विचारावे, कारण केशर घातलेला पिवळाधमक रिझोत्तो दिसायला निखळ शाकाहारी असला, तरी तो पारंपरिक पद्धतीत मांसाच्या रश्शात शिजतो. भाज्यांच्या मिनेस्त्रोने सूपमध्येही डुकराची चरबी पडू शकते.

मेनूवर ओळखायचे शब्द: ‘पान्चेत्ता’ आणि ‘लार्दो’ ही डुकराची चरबीयुक्त रूपे, ‘मायाले’ डुकराचे मांस, ‘मान्झो’ गोमांस, ‘वितेल्लो’ वासराचे मांस, ‘पोल्लो’ कोंबडी, ‘कोनील्यो’ ससा, ‘तोन्नो’ आणि ‘अच्चूगे’ हे मासे, ‘लुगानिगे’ हे स्थानिक सॉसेज. अंड्याला ‘वोवो’, अनेक असल्यास ‘वोवा’ म्हणतात. ताजा पास्ता बहुधा अंड्याचा असतो, सुका बहुधा नसतो. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी ‘सेन्त्सा चिपोल्ला, सेन्त्सा आल्यो’ म्हणावे, मात्र दुपारच्या गर्दीत अशी विनंती मान्य होईलच असे नाही. ती आधी कळवलेली बरी.

फसवे शब्द येथे सर्वाधिक आहेत. ‘पेपेरोनी’ पिझ्झावर ढोबळी मिरची असते. अमेरिकन पद्धतीच्या पेपरोनीला येथे ‘सालामे पिक्कान्ते’ म्हणतात. म्हणजे शाकाहारी माणूस जो पिझ्झा टाळतो, तोच त्याला चालणारा असतो. ‘मारिनारा’ नावात समुद्र आहे, परंतु तो पिझ्झा टोमॅटो आणि लसणाचा असतो, त्यावर मासा नसतो आणि चीजही नसते. ‘क्वात्रो स्ताजोनी’वर मात्र हॅम असते. कॉफीच्या दुकानात ‘तोस्त’ मागितल्यास हॅम आणि चीज घालून भाजलेले सँडविच येते, नुसता भाजलेला पाव येत नाही. ‘लात्ते’ मागितल्यास दूध येते; कॉफी हवी असल्यास ‘काप्पुच्चीनो’ म्हणावे. ‘बुर्रो’ म्हणजे लोणी. जे चीजसाठी दूध साकळवणाऱ्या प्राणिज रेनेटबाबतही काटेकोर असतात, त्यांनी ‘पार्मिजानो रेज्जानो’ टाळावे, कारण त्यात वासराच्या पोटातील रेनेट वापरले जाते.

ग्रोत्तो म्हणजे झाडांच्या सावलीत, दगडी बाकांवर बसून जेवण्याची येथली खास जागा. पूर्वी डोंगराच्या गार कपारींत वाइन आणि चीज साठवत, त्यांची पुढे उपाहारगृहे झाली. बहुतेक ग्रोत्तो वसंतापासून शरदापर्यंतच उघडे असतात आणि भटारखान्याच्या वेळा ठरलेल्या असतात. दुपारी दोननंतर गरम जेवणाची आशा धरू नये. मेनू कधी फळ्यावर, कधी नुसता तोंडी असतो. ‘पोलेन्ता’ म्हणजे मक्याच्या कण्यांचा घट्ट शिजवलेला, आपल्या उकडीसारखा पदार्थ. तो मशरूमबरोबर म्हणजे ‘कोन फुंगी’ किंवा चीजबरोबर म्हणजे ‘कोन फोर्माज्जो’ मागवता येतो, आणि शाकाहाऱ्याला ग्रोत्तोत हमखास चालणारी हीच गोष्ट आहे. ‘न्योक्की’ हे बटाट्याचे गोळे लोणी आणि सेजच्या पानांत मागावेत, त्यात अंडे असू शकते. शेवटी येणाऱ्या ‘तोर्ता दी पाने’ या शिळ्या पावाच्या केकमध्ये अनेकदा ग्राप्पा ही दारू मुरवलेली असते, तेव्हा लहान मुलांसाठी आणि मद्य न घेणाऱ्यांसाठी ‘सेन्त्सा आल्कोल?’ असे आधी विचारावे. पिण्यासाठी ‘गाझोझा’ हे स्थानिक गोड सोडा पेय निर्धोक आहे. बिल मागताना ‘इल कोन्तो, पेर फावोरे’ म्हणावे. स्वित्झर्लंडमध्ये सेवाशुल्क किमतीतच असते. आडवळणाच्या ठिकाणी कार्ड घेतीलच असे नाही, म्हणून थोडे फ्रँक जवळ ठेवावेत.

मुक्काम आणि बाजार

खोलीला ‘कामेरा’ म्हणतात. ‘कामेरा मात्रिमोनियाले’ म्हणजे एक मोठा पलंग आणि ‘कामेरा दोप्प्या’ म्हणजे दोन पलंग, असे साधारण समजावे, परंतु आई-मुलगा किंवा दोन मैत्रिणी असल्यास ‘दुए लेत्ती’ म्हणजे दोन पलंग, असे स्पष्ट सांगणे अधिक खात्रीचे. ‘कोलात्सियोने’ म्हणजे न्याहारी आणि ‘कोम्प्रेसा’ म्हणजे किमतीत धरलेली. न्हाणीघरातील जुन्या नळावरील ‘सी’ हे अक्षर थंड पाण्याचे नव्हे. ते ‘काल्दो’ म्हणजे गरम पाण्याचे आद्याक्षर आहे, आणि ‘एफ’ हे ‘फ्रेद्दो’ म्हणजे थंडाचे. लहान मुले आणि वृद्ध यांना हे पहिल्याच दिवशी दाखवून द्यावे.

दारांवर ‘स्पिंजेरे’ म्हणजे ढकला, ‘तिरारे’ म्हणजे ओढा, ‘उशीता’ म्हणजे बाहेर जाण्याचा मार्ग आणि ‘वियेतातो’ म्हणजे मनाई. तिचीनोच्या इटालियनमध्ये काही शब्द इटलीहून वेगळे आहेत, आणि भाषांतराचे ॲप त्यांचा अर्थ चुकवू शकते: दुकानात ‘आत्सियोने’ अशी पाटी असेल, तर ती सवलतीच्या विक्रीची असते, आणि ‘पोस्तेज्जो’ म्हणजे वाहने उभी करण्याची जागा. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. त्यामुळे खोलीत स्वयंपाक करणाऱ्यांनी शनिवारीच सामान भरावे.

स्वागतकक्षातील इंग्रजी बोलणाऱ्या व्यक्तीचा उपयोग फक्त किल्लीपुरता करू नये. दिवसभरात जिथे फोन करावा लागेल, ती सगळी कामे सकाळी न्याहारीनंतर एकदम त्यांना सांगावीत: ग्रोत्तोत टेबल राखणे, चार जणांपैकी तिघे शाकाहारी आहेत हे कळवणे, डोंगरावरची झुलती गाडी आज सुरू आहे का याची चौकशी. परक्या भाषेत फोनवर बोलणे समोरासमोर बोलण्याच्या दुप्पट अवघड असते, कारण तेथे हातवारे नसतात. ही कामे त्यांच्या हातून दोन मिनिटांत होतात.

सीमेपलीकडे गेल्यास

लुगानोहून कोमो किंवा मिलान, लोकार्नोहून दोमोदोस्सोला, असे एका दिवसाचे फेरे सोपे आहेत. भाषा तीच राहते, परंतु चलन युरो होते. मोबाइलचे पॅकेज नीट पाहावे. युरोपीय संघाच्या पॅकेजमध्ये स्वित्झर्लंड असतेच असे नाही. इटलीत स्थानकावर घेतलेले कागदी प्रादेशिक तिकीट गाडीत चढण्यापूर्वी यंत्रात शिक्का मारून घ्यावे लागते, आणि उपाहारगृहाच्या बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी ठरावीक रक्कम दिसते. ती चूक नसते, त्यावर इंग्रजीत वाद घालू नये.

पाणी, आजारपण आणि मदतीचा फोन

वेर्झास्का आणि माज्जा नद्यांचे हिरवेनितळ पाणी पाहून उतरण्याची इच्छा होते. ‘पेरिकोलो’ म्हणजे धोका आणि ‘दिवियेतो दी बाल्नेआत्सियोने’ म्हणजे पोहण्यास मनाई, हे शब्द पाण्यात पाय घालण्यापूर्वी शोधावेत. जलविद्युत प्रकल्प असलेल्या खोऱ्यांत वरून पाणी सोडल्यास कोरडे दिसणारे पात्र अचानक भरते. त्याचा इशारा देणाऱ्या पाट्या चित्रांसह लावलेल्या असतात. आकाश निरभ्र असले, तरी वरच्या डोंगरातल्या वादळाने पाणी चढू शकते.

औषधांच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो आणि ‘फार्माचिया’ असे लिहिलेले असते. रात्री किंवा रविवारी उघड्या असलेल्या दुकानाला ‘फार्माचिया दी तुर्नो’ म्हणतात, आणि त्याचा पत्ता बंद दुकानाच्या दारावर लावलेला असतो. रुग्णालयातील तातडीच्या विभागाची पाटी ‘प्रोन्तो सोक्कोर्सो’ अशी असते. ॲलर्जी असणाऱ्यांनी ‘सोनो आल्लेर्जिको’, स्त्री असल्यास ‘आल्लेर्जिका’, असे लिहून त्यापुढे पदार्थाचे किंवा औषधाचे नाव लिहिलेला कागद पासपोर्टसोबत ठेवावा.

स्वित्झर्लंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी १४४, पोलिसांसाठी ११७, अग्निशमनासाठी ११८ आणि डोंगरातील हवाई बचावासाठी १४१४ हे क्रमांक आहेत. ११२ हा क्रमांक इटलीतही चालतो. फोन लागताच ‘इंग्लिश, प्लीज’ म्हणावे आणि सर्वांत आधी ठिकाण सांगावे, मग घटना, मग जखमींची संख्या. गावाचे नाव इटालियन उच्चारानेच सांगावे, आणि ते येत नसेल, तर नकाशाच्या ॲपवर आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश उघडून एकेक आकडा सुटा वाचावा. जवळ स्थानिक माणूस असल्यास ‘आयूतो’ म्हणजे मदत, एवढे म्हणून फोन सरळ त्याच्या हातात द्यावा आणि पलीकडून फोन ठेवला जाईपर्यंत आपण तो बंद करू नये.